सहाशे रुपयांचं भिंग आणि खालचं वावर



मागच्या आठवड्यात गोणपाटाचा जवळून काढलेला फोटो टाकला होता. त्यावर एका मित्रानं लिहिलं, "मालक, उसाला तोड मिळंना आणि तुम्ही पोत्याचे फोटो काढत बसलाय. कामं नाहीत का?" खाली चाळीस जणांनी हसून घेतलं. मीही हसलो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. म्हणून आज पीकपाण्याचं बाजूला ठेवून याच विषयावर लिहितोय. जरा लांबलंय, सवडीनं वाचा.

आधी भिंगाचं सांगतो. पोरीला शाळेत विज्ञानाच्या प्रकल्पासाठी पाहिजे म्हणून सहाशे रुपयाला मोबाईलवर चिमट्यानं लावायचं मॅक्रो भिंग मागवलं होतं. प्रकल्प झाला, भिंग कपाटात पडलं. एकदा रात्री दारं धरायला जाताना बॅटरी शोधत होतो, तेव्हा ते हाताला लागलं आणि खिशात राहिलं. सकाळी पाणी शेवटच्या सरीत पोचेपर्यंत बसून होतो. सहज म्हणून मोबाईलला लावलं आणि समोर पडलेल्या युरियाच्या रिकाम्या गोणीवर धरलं. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या एकीखालून एक, एकीवरून एक, चटई विणावी तशा. मध्ये अडकलेला युरियाचा एक मणी, दमट हवेनं अर्धा विरघळलेला, मोत्यासारखा. अशा गोण्या मी जन्मभर वाहिल्यात. विणलेली असते हे माहीत होतं, पण बघितलेलं नव्हतं.

तिथनं नाद लागला. खुरप्याची धार बघितली. घासून लख्ख केलेली धार भिंगाखाली नांगरलेल्या रानासारखी दिसते, सगळ्या सऱ्या एका दिशेनं. ठिबकच्या नळीच्या छिद्राभोवती साचलेला क्षार बघितला. आईच्या जुन्या लुगड्याचा काठ बघितला, तर जरीची तार झिजून आतला सुती धागा वर आलेला.

आणि एक दिवस साखर बघितली. हे मात्र नीट सांगायला पाहिजे.

चहाच्या डब्यातली चिमूटभर साखर काळ्या पाकिटावर पसरली, खिडकीतनं तिरपं ऊन येत होतं. एकेक दाणा म्हणजे कापलेली काच. सपाट बाजू, तिरके कोपरे, कडा इतक्या सरळ की पट्टीनं आखल्यात. दोन दाणे एकमेकांना जन्मजात चिकटलेले. बाजारात आपण एस-३०, एम-३० म्हणतो ना, त्यातला एस म्हणजे बारीक दाणा, एम म्हणजे मध्यम, आणि आकडा असतो रंगाचा, म्हणजे साखर किती पांढरी त्याचा. हे भावाच्या पानावर रोज वाचतो. पण आमच्या घरात तीन पिढ्या कारखान्याला ऊस घालतायत आणि त्या उसाचं शेवटी काय होतं, तो दाणा कसा असतो, हे आमच्यातल्या एकानंही वाकून बघितलं नव्हतं. आबांना फोटो दाखवला. त्यांनी मोबाईल लांब धरला, जवळ धरला. म्हणाले, "ही आपल्या उसाची?" म्हणलं, आपल्याच म्हणून सांगता येणार नाही, कुणाच्या तरी उसाची. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लई सरळ हाय रं."

आता मित्राच्या प्रश्नाकडं येतो. कामं नाहीत का? आहेत, ढीगभर आहेत. पण माझं म्हणणं असं आहे की आपल्याला शेतात बघायची सवयच मोडलीय. आपण शेतात नजर फिरवतो, बघत नाही. ऊस किती वाढला, पाणी कुठवर आलं, कुठं पिवळं पडलं, एवढं टिपलं की गाडीला किक मारून घरी. नजरेला फक्त दोन गोष्टी दिसतात, पैसा आणि रोग. तिसरं काही दिसायचं बंद झालं की हळूहळू ती दोनही नीट दिसत नाहीत, असा माझा अनुभव आहे. पुढं सांगतोच.

आपल्याकडं सुंदर बघायला लोक येतात ते भिगवणला. थंडी सुरू झाली की कुंभारगावात, उजनीच्या फुगवट्यावर, पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. हातभर लांब लेन्स, तीन पायांचा स्टँड, नाव भाड्यानं घ्यायची आणि रोहित पक्ष्यांचे थवे टिपायचे. चांगलं आहे. तिथल्या नाववाल्या पोरांना चार पैसे मिळतात आणि मीही दरवर्षी एकदा जाऊन येतो. कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आणि लांडगे बघायलाही असेच लोक येतात. पण एक गंमत बघा. ती लेन्स लांबचं जवळ आणते. दोन लाखाची लेन्स लावून माणूस पाणथळीपलीकडचा पक्षी बघतो आणि ज्या बांधावर स्टँड रोवलाय त्या बांधावर काय आहे ते बघत नाही. त्यांची चूक नाही, ते त्यासाठी आलेलेच नसतात. पण बांध आपला आहे. तो बघायचं काम आपलंच.

असला नाद असणारा मी पहिला शेतकरी नाही. अमेरिकेत व्हर्मांट नावाच्या राज्यात जेरिको हे एक गाव आहे. तिथं विल्सन बेंटली नावाचा एक गवळी शेतकरी होऊन गेला. त्याच्या आईनं त्याला पोरवयात एक जुना सूक्ष्मदर्शक दिला. हा गडी त्यात बर्फाचे कण बघायला लागला. बापाला वाटायचं हा वेळेचा नास आहे, पण शेवटी बापानंच पदरमोड करून कॅमेरा घेऊन दिला. १५ जानेवारी १८८५ ला, विशी पुरी व्हायच्या आत, त्यानं सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून बर्फाच्या एका कणाचा फोटो काढला. मग पुढं जवळजवळ पन्नास हिवाळे, गोठ्यातली कामं सांभाळून, पाच हजारांच्या वर फोटो. बर्फ नसायचा तेव्हा दव टिपायचा. शेजारीपाजारी त्याला येडा म्हणायचे. १९३१ साली त्याच्या फोटोंचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो न्यूमोनियानं गेला, हिमवादळातनं पायी घरी आल्याचं निमित्त झालं. शेवटपर्यंत धंदा शेतीचाच. मला हा माणूस लई आवडतो. वितळायच्या आत फोटो काढायचा, श्वास रोखून, गोठलेल्या बोटांनी, आणि मग उठून धारा काढायच्या.

आपल्याकडं बर्फ नाही, पण दव आहे. आणि दवाचं एक गुपित आहे, जे मला भिंगानं सांगितलं.

सकाळी सहा-साडेसहाला कोवळ्या उसाच्या नाहीतर मक्याच्या पानावर थेंब दिसतात. आपण सगळ्यालाच दव म्हणतो. पण नीट बघितलं तर दोन जातीचे थेंब असतात. एक सगळ्या पानभर, बारीक, धुरळल्यासारखे. ते दव, हवेतनं आलेलं. दुसरे फक्त पानाच्या टोकाला नाहीतर कडेला, टपोरे. टोमॅटोच्या पानाला तर कडेच्या प्रत्येक दात्यावर एकेक थेंब, तोरण बांधल्यासारखे ओळीनं. हे दव नव्हेच. हे पाणी पानानं आतनं बाहेर टाकलेलं असतं. रात्री पानाची बारीक तोंडं मिटलेली असतात, वाफेनं पाणी जात नाही, पण मुळं पाणी वर ढकलतच राहतात. मग पानाच्या टोकाला-कडेला जी वेगळी छिद्रं असतात त्यातनं ते पाझरतं. म्हणजे टोकाला टपोरा थेंब दिसला की समजायचं, जमिनीत ओल आहे आणि मुळं रात्रभर कामावर होती. त्या थेंबात भिंगातनं बघितलं तर मागचं सगळं रान उलटं दिसतं, आभाळ खाली आणि ऊस वर. थेंब स्वतःच भिंग असतो.

हे थेंबाचं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्याआधी एक कबुली. दोन वर्षांपूर्वी घरापुरती आणि थोडी बाजाराला म्हणून वांगी लावली होती. मावा दिसायला लागला. एका पानाच्या खालच्या बाजूला मला पांढरे केस उगवल्यासारखे दिसले, प्रत्येक केसाच्या टोकाला गाठ. म्हणलं, बुरशीच. दुकानात गेलो, तोंडी वर्णन केलं, दुकानदारानं दोन बाटल्या दिल्या, एक बुरशीची, एक माव्याची, "मिसळून मारा, एका दगडात दोन." मारल्या. आठ दिवस रान साफ दिसलं. मग मावा परत आला आणि असा आला की फवाऱ्यावर फवारे झाले, शेवटी वांगी उपटून टाकली.

पुढच्या हंगामात तसेच केस चवळीच्या पानाखाली दिसले. तोवर भिंग खिशात आलेलं होतं. लावून बघितलं. केस नव्हतेच ते. रेशमाच्या तारेसारखा बारीक देठ, सरळ उभा, आणि टोकाला लांबट अंडं, फिकट हिरवं, मण्यासारखं. ओळीनं सात. इतकं नाजूक काही मी शेतात पहिल्यांदाच बघत होतो. फोटो काढला आणि एका कृषी सहायकाला पाठवला. उत्तर आलं, "क्रायसोपा. मित्रकीटक आहे. हात लावू नका."

क्रायसोपा म्हणजे हिरव्या जाळीदार पंखांचा तो किडा, रात्री दिव्यावर येतो. त्याची मादी पानावर पोट टेकवून चिकट थेंब सोडते, पोट वर उचलते, त्याची तार ओढली जाते, वाळते, आणि मग त्या तारेच्या टोकावर अंडं ठेवते. मुंग्यांना पोचू नये आणि आधी निघालेल्या अळीनं भावंडांची अंडी खाऊ नयेत म्हणून हा बंदोबस्त. आणि त्यातनं निघणारी अळी खाते काय? मावा. म्हणजे माझ्या वांग्यावर फुकट कामाला आलेली फौज मी पैसे देऊन मारली होती. दुकानदाराला काय बोलणार, वर्णन तर मीच केलं होतं. बघितलं नव्हतं, फक्त दिसलं होतं.

ढालकिड्याचंही तसंच. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला किडा सगळ्यांना आवडतो, पोरं हातावर घेतात. पण त्याची अळी काळपट, काटेरी, सुसरीसारखी, तिला बघून हमखास चेंगरतात. भिंगाखाली तिच्या पाठीवरचे नारिंगी पट्टे बघा, पुन्हा चेंगरायचा हात होणार नाही. उलट मक्यातली लष्करी अळी, जी २०१८ पासनं आपल्या मागं लागलीय, ती ओळखायची तर डोक्यावरचा उलटा वाय आणि शेपटीकडच्या भागावरचे चौकोनात मांडलेले चार ठिपके बघायचे. नुसत्या डोळ्यानं लहान अळीवर ते दिसत नाहीत. भिंगानं दिसतात. आणि खरं सांगू का, ती अळीसुद्धा देखणी आहे. देखणी आहे म्हणून सोडायची असं नाही. पण ओळखून मारणं आणि घाबरून मारणं यात फरक आहे, आणि तो फरक औषधाच्या बिलात दिसतो.

लोकरी मावा ज्यांना आठवतो त्यांना हे वेगळं सांगायला नको. २००२ साली सांगलीकडनं सुरू झाला आणि बघता बघता सगळ्या ऊसपट्ट्यात पसरला. मी तेव्हा शाळेत होतो. पानाखाली कापूस पिंजल्यासारखं पांढरं, आणि खालच्या पानांवर काळी काजळी. आबांनी पाठीवरच्या पंपानं औषध मारलं, पण पुरुषभर उसात आत शिरणार कसं? शेवटी तो आटोक्यात आणायला जास्त उपयोग झाला तो डायफाच्या अळ्यांचा आणि मायक्रोमसचा, म्हणजे मावा खाणाऱ्या किड्यांचाच. पानं कापून, त्यावरच्या अळ्यांसकट, एका रानातनं दुसऱ्या रानात नेऊन टाचायचे. त्या काळी सगळं गाव पान उलटून बघायला शिकलं होतं. मावा गेला आणि ती सवयही गेली.

आता कुणी म्हणेल, अहो आपल्या बारामतीतच एआयनं ऊसशेती चाललीय, उपग्रह वरनं रान बघतोय, मोबाईलवर सांगतोय कुठं पाणी द्या, कुठं खत द्या. तुम्ही भिंग घेऊन कुठं बसलाय? शारदानगरचे प्लॉट मी बघून आलोय, चांगलं काम आहे, आणि मला त्याचं वाकडं नाही. पण उपग्रहाला पानाची वरची बाजू दिसते. खालची बाजू बघायला माणूसच वाकावा लागतो. शिवाय वरनं आलेला नकाशा "इथं काहीतरी बिघडलंय" एवढं सांगतो. काय बिघडलंय ते तिथं जाऊन गुडघे टेकल्याशिवाय कळत नाही. दोन्ही पाहिजे. एक आलं म्हणून दुसरं सोडू नका, एवढंच.

आता खालच्या वावराचं. खरं म्हणजे हे लिहायचं होतं म्हणूनच बसलो, बाकीचं आपसूक येत गेलं.

आमची शेती बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या शिवेवर, नीरा डाव्या कालव्याखाली. वरचं वावर मुरमाड, खालचं ओढ्याकडंचं काळं, भारी. आजोबांच्या काळात खालचं वावर म्हणजे सोनं. गेली पाच-सहा वर्षं तिथला ऊस मागं पडतोय. आबा म्हणायचे बेणं बदला, मी म्हणायचो खत वाढवू. दोन्ही केलं. उतारा घटतच गेला.

गेल्या हिवाळ्यात आवर्तन होऊन चार दिवस झाले होते. सकाळी थेंबांचे फोटो काढत वरच्या वावरातनं खाली आलो. वर खोडव्याच्या प्रत्येक पानाच्या टोकाला टपोरा थेंब. खाली आलो तर थेंबच नाहीत. दव होतं, पण टोकाचा थेंब नाही. पाणी तर दोन्हीकडं एकाच वेळी दिलेलं, खालच्या रानात पाय रुततोय इतकी ओल. मग मुळं पाणी वर का ढकलत नाहीत? तसाच खाली बसलो. सरीच्या वरंब्यावर पांढरी बुरी धरलेली होती. ती काय नवीन नव्हती, दर हिवाळ्यात दिसायची, आम्ही "पांढरं फुटलंय" म्हणून सोडून द्यायचो. त्यावर भिंग धरलं.

मंडळी, काय सांगू. सुयांचं रान. एकेक सुई काचेसारखी आरपार, ढेकळातनं वर उगवलेली, काही वाकलेल्या, काही एकमेकींना टेकलेल्या, आणि सकाळचं कोवळं ऊन त्यातनं फुटत होतं. अर्धा तास तिथंच होतो. शंभरभर फोटो काढले. त्यातला एक या पानावर टाकला, काही न लिहिता.

तो फोटो आजवर सगळ्यात जास्त चालला. "अप्रतिम." "निसर्गाची किमया." दोघांनी विचारलं, "महाबळेश्वरला गेला होता का, हिमकण दिसतायत." एका ताईंनी मोबाईलच्या पडद्यावर लावायला मागितला. आणि मी वाचत होतो आणि पोटात कालवत होतं, कारण तोवर मला कळून चुकलं होतं की ते हिम नाही. ते मीठ आहे. माझं वावर मरतंय, त्याचा तो फोटो आहे.

झालंय ते असं. भारी जमीन, वर्षानुवर्षं ऊस, पाटानं भरपूर पाणी, आणि निचरा नाही. जमिनीखालचं पाणी वर चढत येतं. वातीतनं तेल चढावं तसं ते मातीतनं पृष्ठभागाला येतं, उन्हानं वाफ होऊन जातं आणि त्यातले क्षार मागं ठेवून जातं. मुळांभोवतीच क्षार साठले की पाणी असूनही मुळांना ते ओढता येत नाही. ताटात वाढलेलं असून तोंड बांधलेलं. म्हणून थेंब नाहीत. पांढरं फुटतं ती खारवट जमीन. अजून पुढं गेली की चोपण होते, मग पांढऱ्याऐवजी काळपट दिसायला लागते आणि पाणी मुरायचं बंद होतं.

आणि हे आजचं नाही. १९१० साली पुण्याच्या शेती कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर एक पुस्तिकाच लिहिली होती. कालवा येऊन तेव्हा पंचवीसएक वर्षंच झाली असतील. म्हणजे माझ्या पणजोबाच्या वेळेला या गोष्टीला नाव होतं, कारण कळलेलं होतं. दुष्काळ हटवायला कालवा आला, त्यानं आपली घरं उभी केली, शाळा-कारखाने उभे केले. त्याला मी नावं ठेवणार नाही. पण पाणी आणायला जेवढी अक्कल लावली तेवढी पाणी काढून द्यायला आपण कधी लावली नाही. निचऱ्याची चारी कुणाच्या बांधातनं जायची म्हटलं की भाऊबंदकी उभी राहते.

माती तपासली. क्षारता चारच्या वर आली. चारच्या पुढं खारवट धरतात. घरात बैठक झाली. मी म्हणलं, खालच्या वावरात दोन वर्षं ऊस बंद, जमिनीखालनं सच्छिद्र पाईप टाकून पाणी ओढ्याला काढू. आबा म्हणाले, "कालव्याखाली राहून ऊस न्हाई? लोक काय म्हणतील?" बायको म्हणाली, "लोक म्हणतायत की, अप्रतिम." सगळे हसले, पण आबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच खाली गेले होते. मी गेलो तर वरंब्यावरची पांढरी बुरी बोटावर घेऊन जिभेला लावत होते. थुंकले आणि म्हणाले, "काढ बाबा पाईप."

पाईप अजून निघालेला नाही. ओढ्याला जायचं तर शेजारच्या नानांच्या रानातनं जावं लागतं. नानांना त्यांच्याच बांधावरच्या पांढऱ्याचा फोटो काढून दाखवला. "लई भारी आलाय फोटो," म्हणाले. "बघू दिवाळीनंतर." नाना हे पान वाचतात, म्हणून इथं लिहितोय. नाना, दिवाळी आली.

काही जणांनी विचारलं होतं म्हणून चार गोष्टी फोटोच्या. मोबाईलमध्येच मॅक्रो कॅमेरा आहे असं जाहिरातीत सांगतात, पण स्वस्त मोबाईलमध्ये तो बहुतेक दोन मेगापिक्सेलचा असतो, त्याच्या नादी लागू नका. चिमट्याचं भिंग मुख्य कॅमेऱ्यावर लावा. वस्तूपासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरावं लागतं. स्पष्ट दिसणारा थर केसाएवढा असतो, म्हणून पडद्यावर बोट दाबत बसण्यापेक्षा मोबाईलच मुंगीच्या पावलानं पुढं-मागं करा. कोपर गुडघ्यावर टेकवा, श्वास धरा, वीस काढा, एक ठेवा. सकाळी लवकर जा. वारा नसतो आणि किडे गारठलेले असतात, पळत नाहीत. फ्लॅश नको. पान तोडू नका. आणि कृपा करून रंग वाढवून टाकू नका. हिरवं आणखी हिरवं केलं की त्यातली पिवळी शीर दिसायची बंद होते, आणि आपल्याला तीच तर बघायची असते.

गोणपाटावर हसणाऱ्या मित्राला मी भिंग पाठवून दिलंय, दुसरं घेतलं. त्याची डाळिंबाची बाग आहे. तेल्याचे डाग कळीवर शोधण्यात त्याची झोप उडालेली असते. परवा त्याचा फोटो आला. डाग नव्हता, डाळिंबाच्या फुलातले पुंकेसर होते, पिवळ्या टोकांचे, गर्दी करून उभे. खाली काही लिहिलेलं नव्हतं. मीही कामं नाहीत का म्हणून विचारलं नाही.

खालच्या वावरात यंदा ऊस नाही. पावसाळ्यात धैंचा टाकलाय, खारवट जमिनीत तग धरतो आणि गाडला की खत होतो. निम्म्या रानात चांगला उगवलाय, ओढ्याकडच्या कोपऱ्यात विरळ आहे. त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी धरतात. गाठ नखानं फोडून बघायची, आतनं गुलाबी निघाली तर जिवंत, कामाची. रविवारी कोपऱ्यातलं एक रोप उपटून बघणार आहे. गुलाबी निघाली तर फोटो टाकतो.